उबवणाऱ्याचे देणे

पुण्यात कोणी सुशिक्षित गृहस्थ आपल्या घराच्या माळ्यावर विजेच्या दिव्याने कोंबडीची अंडी उबवीत बसेल, असे भाकीत आमच्या आजोबांच्या काळी कोणी केले असते, तर सदाशिव पेठेने ते थट्टेवारी नेले असते. ज्या घरांत अंड्याचे नावही मोठ्याने उच्चारीत नसत, त्याच घरांतील नातवंडे आणि त्यांचे पेन्शनर आजोबा आज थर्माकोलच्या पेटीपुढे एकवीस दिवस पहारा करताना दिसतात. ह्या छंदाची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. उलट, फावल्या वेळात हातांनी करावयाच्या उद्योगांत मनुष्यास विचार करावयास लावणारा ह्यासारखा दुसरा उद्योग क्वचितच असेल. खेळण्यातील आगगाडी बिघडली तर ती अडगळीत टाकता येते. घरी जुळविलेला रेडिओ बोलला नाही तर कोणाचे काही जात नाही. उबवणीच्या पेटीचे तसे नाही. ती बिघडली तर कोणी तरी मरते, आणि नीट चालली तर कोणी तरी जन्मास येते. पहिल्या गोष्टीची काळजी सारेच वाहतात. दुसरीचा विचार फारसा कोणी करीत नाही, आणि आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे. ज्याने ऊब दिली त्याचे देणे कोठवर पोचते, हा तो प्रश्न.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ती पेटी कशी असते हे सांगितले पाहिजे, कारण येथे नीतीची बीजे यंत्राच्या तपशिलातच दडलेली आहेत. कोथरूडास आमच्या परिचयाचे एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनी नातवाच्या हट्टावरून दोन वर्षांपूर्वी अशी पेटी बनविली, आणि ती बनत असता आम्ही कित्येक संध्याकाळी तेथे जाऊन बसत असू. जाड थर्माकोलची पेटी. आत पंचवीस-पंचवीस वॅटचे दोन दिवे, एक गेला तरी दुसरा राहावा म्हणून. हवा फिरती राहावी म्हणून जुन्या संगणकातून काढलेला लहानसा पंखा. ठरलेल्या अंशावर दिवे मालविणारा व उष्णता उतरताच पुन्हा लावणारा थर्मोस्टॅट. झाकणास काचेची खिडकी. आणि तळाशी पाण्याचे पसरट भांडे. हे सारे सामान तापकीर गल्लीच्या एका फेरीत मिळाले. दिवे मात्र तारेचे, जुन्या पद्धतीचे घ्यावे लागले. हल्लीचे काटकसरी दिवे उजेड देतात, पण ऊब जवळजवळ देत नाहीत. आणि एरवी जी उष्णता वाया गेली म्हणून आपण हळहळतो, तीच येथे हवी असते.

पेटीतील उष्णतामान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. ते थोडे उतरले तर पिलू उशिरा व अशक्त निघते. दोन-तीन अंशांनी चढून काही तास तसेच राहिले तर ते आतल्या आत मरते. उबेची उणीव एक वेळ भरून निघते, अतिरेक निघत नाही. (आपल्या मुलांच्या संगोपनाविषयी येथे काही बोलण्याचा मोह होतो, तो आम्ही आवरतो.) हवेतील ओलावा पहिले अठरा दिवस निम्म्याहून थोडा अधिक, आणि शेवटचे तीन दिवस त्याहून बराच अधिक असावा लागतो. अंड्याचे कवच सच्छिद्र असते. एकवीस दिवसांत त्यातील पाणी हळूहळू उडून अंड्याचे वजन सुमारे एक-अष्टमांशाने घटते, आणि तितकी हवेची पोकळी अंड्याच्या रुंद टोकास तयार होते. पिलाचा पहिला श्वास त्याच पोकळीतला. अंडी दिवसातून निदान तीनदा उलटावी लागतात, नाही तर आतला गर्भ पडद्यास चिकटून राहतो. आमच्या अभियंत्यांनी प्रत्येक अंड्याच्या एका अंगास पेन्सिलीने फुली व दुसऱ्या अंगास शून्य काढले होते, आणि सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहा ह्या वेळा भिंतीवर लिहून ठेविल्या होत्या.

ह्या पेटीपुढे काही संध्याकाळी घालविल्यावर खुडूक कोंबडीविषयीचा आमचा आदर पुष्कळच वाढला. निकामी होऊन कोपरा धरून बसलेल्या माणसास आपण ‘खुडूक झाला’ असे म्हणतो, आणि त्या शब्दात कौतुक मुळीच नसते. वस्तुतः ती कोंबडी जे काम बसल्या जागी करीत असते, त्यास दोन दिवे, एक पंखा, एक थर्मोस्टॅट आणि एक अभियंता लागला. तिच्या पोटाची पिसे ह्या दिवसांत गळतात आणि उघडी पडलेली ऊन कातडी अंड्यांस थेट लागते. ती दिवसातून एखाद्याच वेळी दाणापाण्यापुरती उठते. ती अंडी चोचीने वारंवार हलवीत असते. वेळापत्रक भिंतीवर लिहून नाही. आणि फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी पिलू कवचाच्या आतून चिवचिवू लागले, म्हणजे ती त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. पेटी उत्तर देत नाही. तेवढे एकच काम अभियंत्यांस यंत्राकडून करून घेता आले नाही. ते त्यांच्या नातवाने आपण होऊन पत्करले.

आपल्याकडे ह्या विषयाची सर्वांत जुनी व आमच्या मते सर्वांत खोल कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कद्रू व विनता ह्या कश्यपाच्या दोन बायका. कद्रूने सहस्र नागपुत्र मागितले. विनतेने दोनच, पण कद्रूच्या पुत्रांहून सरस असे. यथाकाल दोघींची अंडी झाली. परंतु त्यांनी ती स्वतः उबविली असे कथेत नाही. परिचारिकांनी ती दमट उबेच्या भांड्यांत ठेविली आणि पाचशे वर्षे ती तेथेच राहिली. ऊब आणि ओलावा, दोन्ही कथाकाराने सांगितले आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. (गांधारीच्या मांसपिंडाचे भाग तुपाने भरलेल्या कुंडांत वाढविल्याची कथाही ह्याच पर्वातील. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस सर्व शास्त्रे अवगत होती असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसू इच्छीत नाही; ह्या कथांचे मोल शास्त्राहून वेगळे आहे.) पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली, विनतेची फुटली नाहीत. सवतीच्या अंगणात हजार पुत्र खेळत आहेत आणि आपली भांडी मात्र मुकी, हे तिला सहन झाले नाही. तिने एक अंडे फोडून पाहिले. आतून निघाला अरुण. कमरेच्या वर पूर्ण, खाली अपुरा. त्याने आईस शाप दिला की, जिच्याशी तू स्पर्धा केलीस तिचीच तू दासी होशील. आणि दुसरे अंडे तरी वेळेपूर्वी फोडू नकोस, म्हणजे त्यातील पुत्र तुला सोडवील. दुसऱ्या अंड्यातून पुढे गरुड निघाला.

ह्या कथेत विनतेचा अपराध कोणता? अंडी भांड्यात ठेवली हा नव्हे. त्याबद्दल तिला कोणी नावे ठेवीत नाही, अरुणही ठेवीत नाही. तिने स्वतःच्या मनःशांतीसाठी दुसऱ्याच्या वाढीचा काळ तोडला, हा तिचा अपराध. अंड्यात जो होता त्याच्याकडे न पाहता ती शेजारच्या भांड्यांकडे पाहत होती. कृत्रिम उबेविषयी आज जे आक्षेप घेतले जातात त्यांतील बहुतेकांचे निरसन ह्या जुन्या कथेने आधीच करून ठेविले आहे असे आम्हांस वाटते.

मनुष्याने हे काम पुष्कळ प्राचीन काळापासून केले आहे. ईजिप्तमध्ये उकिरड्याच्या उबेत अंडी फुटत असल्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात आहे. पुढे त्या देशात मातीच्या मोठमोठ्या भट्ट्यांत सहस्रावधी अंडी उबविली जात. त्या भट्ट्यांवरील माणसांजवळ उष्णतामापक नसे, ती अंडे डोळ्याच्या पापणीस लावून ऊब ओळखीत. भट्टीवाल्याने तीन अंड्यांमागे दोन पिले परत करावी, असा तेथील करार होता म्हणून प्रवाशांनी लिहून ठेविले आहे. फ्रान्समध्ये रेओम्यूर ह्या शास्त्रज्ञाने १७४९ साली ह्या कलेवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडात १८८१ साली हिअर्सनने उष्णतेने फुगणाऱ्या एका डबीच्या योगाने दिव्याची ऊब आपोआप आवरण्याची युक्ती काढली, आणि घरगुती पेटी खऱ्या अर्थाने शक्य झाली. पुण्यास तर हा विषय परका राहिलेलाच नाही. खडकीस सरकारी पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. १९७१ साली बी. व्ही. राव ह्यांनी स्थापिलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे. कोंबड्यांच्या ह्या पुणेरी व्यापाराने २०१० साली इंग्लंडातील एक जुना फुटबॉल संघ विकत घेतला, तेव्हा ज्या गावाने इंग्रजांचे इतके काही घेतले त्याने त्यांचा चेंडूही घेतला, असे आमचे एक सहकारी म्हणाले होते.

आता आक्षेपांचा विचार. पहिला व सर्वांत सोपा आक्षेप असा की, हे सारे निसर्गविरुद्ध आहे. आईचे काम दिव्याने करू नये. परंतु ज्या कोंबडीच्या वतीने हा आक्षेप घ्यावयाचा ती कोंबडीच मुळी आज निसर्गाची राहिलेली नाही. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. म्हणून पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूक बसण्याची प्रवृत्तीच मनुष्याने निवड करकरून जवळजवळ काढून टाकिली आहे. यंत्र नसेल तर त्या जातीस पुढची पिढी नाही. शिवाय ह्याच पेटीचा एक धागा मनुष्याच्या घरापर्यंत येऊन पोचला आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निये नावाच्या प्रसूतिवैद्याने तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची पिले उबविण्याची पेटी पाहिली, आणि तशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी आपल्या रुग्णालयात करवून घेतली. त्या पेटीने व तिच्या सुधारलेल्या वंशजांनी किती मुले वाचविली ह्याची गणना कोणी करावी? ह्या वाचकांपैकीही एखाद्याच्या घरी असे मूल असेल. पुढे १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील एदगार रे ह्या वैद्याने अशी अर्भके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली, आणि ती इतकी गुणकारी ठरली की जागतिक आरोग्य संघटना आज तिचा पुरस्कार करते. म्हणजे कोंबडीच्या पोटाखालून निघालेली विद्या पेटीतून फिरून पुन्हा आईच्या कातडीपाशी आली. त्यावरून पेटी खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. ऊब दिव्याची की देहाची, हा सोयीचा व परिणामाचा प्रश्न आहे. पापपुण्याची रेषा तेथून जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. अंडे खाण्याविषयी आपल्या घरांत जो वाद चाले त्याचे एक उत्तर पुण्यातच लिहिले गेले आहे. १९४२ साली आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांचा अभिप्राय असा की, कोंबड्याशी संबंध न येता घातलेल्या अंड्यातून कधीच पिलू होत नाही, तेव्हा ज्यास दूध चालते त्यास असे अंडे चालण्यास हरकत नसावी. बाजारात आज येणारे अंडे बहुधा ह्याच जातीचे असते. कित्येक मुले दुकानातली अंडी पेटीत ठेवून एकवीस दिवस वाट पाहतात आणि निराश होतात, ते ह्यामुळेच. आता मौज पाहा. अंडे खाणाऱ्याने ज्या प्रश्नातून मोठ्या युक्तिवादाने अंग काढून घेतले, त्याच प्रश्नात उबवणारा मुद्दाम चालून जातो. त्याला निर्जीव अंडे नको असते. ज्यात जीव संभवतो असेच अंडे तो शोधून, पारखून, गावाहून आणवितो. आमचे अभियंते चोवीस अंडी मुळशी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरून भुशाच्या टोपलीत घेऊन आले. जो जीव आपण होऊन तुमच्या दारी आला त्याच्याविषयीचे कर्तव्य आणि ज्याला तुम्ही बोलावणे पाठविले त्याच्याविषयीचे कर्तव्य, ही दोन एक नव्हेत. वाटेत भेटलेल्या पाहुण्यास पाणी दिले तरी पुरे. निमंत्रिताचे तसे नाही.

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस त्या अंड्यात हृदय चालू लागते. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे दिवा धरला, म्हणजे आत एक काळा ठिपका व त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. अभियंत्यांच्या चोवीस अंड्यांपैकी पाच अशी धरली असता स्वच्छ दिसली, ती काढून टाकली. त्याबद्दल कोणास काही वाटले नाही. राहिलेल्या एकोणिसांस मात्र त्या रात्रीपासून घरात वेगळे स्थान मिळाले. पुढच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, तेव्हा पेटीवर रजई आली, कडेने ऊन पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि घरातील मंडळी हळू बोलू लागली. नाशिकच्या एका लग्नाचे जाणे रद्द झाले. “अहो, कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा उठते हो,” असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या, त्यात शास्त्रीय सत्य होते. पण अभियंते उठले नाहीत. येथवर ह्या छंदात जे काही चांगले आहे ते सारे दिसते. दुसऱ्याच्या निकडीप्रमाणे आपला दिवस आखावा लागणे, हे शिक्षण आमच्या महाविद्यालयांत कोठेही मिळत नाही.

खरी परीक्षा एकविसाव्या दिवशी झाली. दोन अंडी मध्यंतरीच मेली होती. सतरांपैकी चौदा पिले दीड दिवसात बाहेर आली. दोन अंडी अखेरपर्यंत मुकीच राहिली. उरलेल्या एका अंड्यास बारीक भोक पडले, चोचीचे टोक दिसले, आणि पुढे काही घडेना. रात्र गेली, सकाळ गेली. आतून आवाज येई आणि तो क्षीण होत चालला होता. नातू म्हणे कवच काढा. आजोबा म्हणत नाही. दुपारनंतर आवाज थांबला. “तुम्ही त्याला मरू दिलंत,” असे म्हणून तो मुलगा रडू लागला, आणि आजोबांनी त्यास उत्तर दिले, “बाळ, ही निसर्गाची इच्छा.”

अभियंत्यांचा निर्णय बरोबर होता असे आमचे मत आहे, पण त्यांनी दिलेले कारण चूक होते. फुटू लागलेल्या अंड्यात पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून भरलेल्या असू शकतात, आणि पिवळा बलक पोटात ओढून घेण्याचे पिलाचे काम पुरे व्हावयाचे असते. अशा वेळी दयेने कवच सोलणारा हात बहुधा रक्तस्राव घडवितो. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत पिलास कित्येकदा एक दिवसही लागतो, आणि बाहेरून स्वस्थ दिसणारा तो काळ आत फार कामाचा असतो. विनतेने नेमके हेच जाणले नाही. तेव्हा थांबणे योग्य. परंतु ते ज्ञानाच्या आधारावर, निसर्गाच्या नावावर नव्हे. ज्या पेटीत ऊब आपली, ओलावा आपला, वेळापत्रक आपले, त्या पेटीत निसर्गास ऐन वेळी साक्षीस बोलाविता येत नाही. ते पिलू पडदा सुकून आवळल्यामुळे अडकले असेल, तर ओलावा कमी पडला कोणाचा? सत्तावीस वेळा झाकण उघडून पाहिले कोणी? यश आले तर यंत्राचे व आपले, आणि अपयश आले तर निसर्गाचे, असा हिशेब व्यापारात कोणी चालू देणार नाही. नीतीत मात्र तो सर्रास चालतो. त्या मुलास आजोबांनी एवढेच सांगावयास हवे होते की, कवच काढले असते तर ते बहुधा वाचले नसते, आणि ते अडकले ह्यात आपल्या पेटीचा दोष असू शकेल. मुलांस अशी उत्तरे पचतात. त्यांना पचत नाही ते मोठ्यांचे निसटणे.

पिले बाहेर आल्यावर आणखी एक गोष्ट घडते. नुकतेच जन्मलेले पिलू पहिल्या काही तासांत जे हलते-बोलते पाहील त्यासच आई समजून त्याच्यामागे धावते. स्पाल्डिंग ह्या इंग्रज निरीक्षकाने १८७३ साली ही गोष्ट कोंबडीच्या पिलांत नोंदविली, आणि लोरेन्झने १९३५ साली हंसांच्या पिलांवरून ती जगप्रसिद्ध केली. अभियंत्यांची चौदा पिले त्यांच्या नातवाच्या पावलांमागे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात व स्वयंपाकघरातून गॅलरीत अशी फिरत. सर्वांस मोठी मौज वाटे. आम्हांसही वाटली. परंतु आपण केवळ एक प्रयोग केला असे उबवणाऱ्याचे मत असले, तरी दुसऱ्या पक्षाने त्यास आई मानून टाकिले आहे. ह्या नात्यास एकाची संमती विचारण्यात आलीच नव्हती, आणि दुसऱ्याने तिचा अर्थ समजून घेतला नव्हता.

तीन महिन्यांनी त्या चौदांपैकी आठ कोंबडे निघाले. हे काही दुर्दैव नव्हे. अंड्यांतून निम्मे नर निघतात, हा ह्या विषयातील सर्वांत निश्चित नियम आहे, आणि आश्चर्य असे की पेटी बनविताना तो कोणाच्याच मनात नसतो. जगभर जेथे अंड्यांसाठी कोंबड्या वाढविण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो, तेथे अंडी न देणारी व मांसासही न परवडणारी नर पिले पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची रीत पडली. जपानी शास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या पिलाचे लिंग ओळखण्याची विद्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढली, त्या विद्येचे हे फळ. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने ही रीत बंद केली. ईजिप्तच्या भट्टीवाल्याप्रमाणे येथेही हिशेब पिलू हाती येण्यापाशी संपतो; शेकडा किती फुटली एवढेच विचारावयाचे. ह्या बाबतीत कारखानदारांकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्ही स्वतःच्या धंद्याकडे पाहतो. आम्हीही दर वर्षी शेकडा किती उत्तीर्ण झाले ते मोठ्या अक्षरांत छापतो, आणि पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांतील निम्म्यांस जगात काय जागा आहे ह्याची चौकशी आमच्या कचेरीत होत नाही.

कोथरूडातील आठ कोंबडे पहाटे चारास आरवू लागले. शेजाऱ्यांनी आधी हसून व मग न हसता सांगून पाहिले. कोंबडे आपसांत रक्त निघेपर्यंत झुंजूही लागले. अखेर ज्या शेतकऱ्याकडून अंडी आणली होती त्याच्याकडेच ते टोपलीतून पोचते झाले, आणि ते आता मोकळ्या रानात सुखाने राहतात असे नातवास सांगण्यात आले. पुढे काही कामाने आमचे मुळशीस जाणे झाले, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही सहज विचारले. त्याची बायको अंगणात दाणे टाकीत होती. “कोंबडं किती दिस संभाळायचं?” ती म्हणाली, “पाव्हणं आलं की एक कमी व्हतं. दोन हायेत अजून.” तिच्या बोलण्यात निर्दयपणा नव्हता आणि संकोचही नव्हता. डालग्याखाली एक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. तिला पाणी पाजण्यासाठी ती बाई आमच्याशी बोलताबोलता दोनदा उठली.

आम्ही त्या बाईविषयी पुष्कळ विचार केला आहे. ती कोंबडा मारते, म्हणून अहिंसेच्या तराजूत तिचे पारडे अभियंत्यांहून हलके, असे आमच्या वर्गातील बहुतेक लोक म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. तिच्या अंगणात एकही पिलू पहिल्या दिवशी केवळ नर म्हणून मरत नाही. प्रत्येकास उकिरडा उकरण्याचे, उन्हात पंख पसरण्याचे काही महिने मिळतात. ती जे करते ते तिला माहीत आहे, तिच्या मुलांस माहीत आहे, आणि ते ती स्वतःच्या हाताने करते. अभियंत्यांनीही वस्तुतः तेच केले. फरक इतकाच की त्यांनी ते टोपलीत घालून दुसऱ्याच्या हाती दिले व वर एका मुलास गोष्ट सांगितली. आपल्या पांढरपेशा जीवनात अहिंसेचे रूप पुष्कळदा असे असते. सुरी आपल्या हातात नसली म्हणजे झाले. ती कोणाच्या हातात आहे, हे विचारणे असभ्यपणाचे. आपण ज्यांस निमंत्रण देऊन बोलाविले त्यांच्या मरणाशी आपला संबंध नाही असे दाखविता यावे, ह्यासाठी आपल्याला मुळशीचा शेतकरी लागतो.

तर मग हा छंदच करू नये की काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे तसे नाही. जन्म दिलेल्या प्रत्येक कोंबड्यास मरेपर्यंत पोसावे असा आग्रहही आम्ही धरीत नाही. कोंबड्यांचे पांजरपोळ कोथरूडात चालावयाचे नाही. मांस खाणाऱ्याने ते खाण्यासाठीच वाढविले तर त्यात लपविण्यासारखे काही नाही, आणि न खाणाऱ्याने दुसऱ्यास दिले तर त्यातही नाही, मात्र काय देत आहोत हे जाणून व सांगून दिले पाहिजे. जो हिशेब एकवीस दिवसांचा म्हणून मांडला जातो तो मुळात निदान चार महिन्यांचा आहे, आणि दिव्याचे बटन दाबण्यापूर्वी तो पुरा मांडता येतो. चोवीस अंडी ठेवली तर दहा-बारा पिले हाताशी येतील, त्यांतील पाच-सहा नर असतील, त्यांचे काय, एवढे अंकगणित मॅट्रिकच्या मुलासही अवघड नाही.

मुळशीहून परत आल्यावर आम्ही जे ऐकले ते अभियंत्यांस सांगितले. त्यांना ते ठाऊक होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. पुढे काही दिवसांनी त्यांनी नातवास खरे काय ते सांगितले. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले की, पुढच्या वेळी अंडी कमी ठेविली तर चालतील का. यंदा पेटीत सहाच अंडी आहेत. कोंबडे निघाल्यास ते कोठे जातील आणि तेथे त्यांचे काय होईल, हे अंडी आणतानाच त्या शेतकऱ्याच्या बायकोशी बोलून ठरले. बोलण्याच्या वेळी मुलगा हजर होता. त्याने मांस खाणे सोडले आहे. आजोबा खातात. ह्या मुद्द्यावर दोघांचा रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळी वाद होतो, आणि दहाच्या ठोक्यास तो थांबवून दोघे अंडी उलटावयास माळ्यावर जातात.